टिपणीसबाईंचं ठाण्याचं पोस्टिंग

आमच्या युनिटमधले तिघं-चौघं कुठल्या लग्नात भेटले की पाचव्या मिनिटाला टिपणीसबाईंचा विषय निघतोच. एकाने एक सांगितला की दुसऱ्याला दुसरा आठवतो, आणि पंगत उठली तरी आम्ही आपले हात वाळवत बसलेले. आता तर ऐकीव किस्सेही बरेच झालेत. मी माझ्यासमोर घडलेलेच सांगते.

वत्सलाबाई टिपणीस मुंबईच्या आमच्या मेडिकल कॉलेजात बाळंतपणाचा विषय शिकवायच्या. त्या विभागात शिकवणाऱ्या त्या पहिल्याच बाई. राहायच्या ठाण्यात; कॉलेजात येण्याआधी कल्याणला घरोघर जाऊन बाळंतपणं करायच्या. स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत त्यांनी हट्टाने विद्यार्थ्यांचं एक पोस्टिंग ठाण्याच्या लहानशा दवाखान्यात सुरू केलं. पुस्तकातली बाई आणि खाटेवरची बाई यांची ओळख व्हायला हवी, असं त्यांचं म्हणणं. मी आधी त्यांची विद्यार्थिनी, मग असिस्टंट.

* * *

पहिल्याच दिवशी आमच्या बॅचमधल्या मुलांनी सांगाड्याला नऊवारी नेसवून बाईंच्या खुर्चीत बसवलं. बाई आत आल्या. निऱ्या जरा बाजूला करून कमरेचं हाड निरखलं.

"नेसवलीय छान. पण हाड पुरुषाचं आहे. ज्याने नेसवली त्याने पुढे येऊन बाईचं कसं वेगळं असतं ते सांगावं."

शेवटी देवधर उठला. सहा फूट उंच, घाम पुसत उभा. दोन फरक सांगून अडला. उरलेले बाईंनी सांगितले, ते मी अजून विसरलेले नाही. जाताना म्हणाल्या, "साडी नीट घडी करून ठेव. वहिनी शोधत असेल."

साडी खरोखरच त्याच्या वहिनीची होती. बाईंना कसं कळलं, देवाला ठाऊक.

* * *

एकदा कळव्याच्या मिठागरावरच्या एका घरून बोलावणं आलं. तिथल्या बायका तेव्हा दवाखान्याची पायरी चढत नसत. बाई, मी आणि देवधर टांग्याने गेलो. घरातल्या म्हाताऱ्या आजोबांनी टाय लावलेल्या देवधरला खुर्ची दिली आणि आम्हा दोघींना आत पिटाळलं.

आत बाई, बाहेर देवधर. आजोबा त्याला विचारायचे, सून वाचेल ना, अजून किती वेळ लागेल. हा उठून दारापाशी यायचा, बाई हळूच सांगायच्या, आणि तेच हा बाहेर मोठ्याने सांगायचा. दुपार टळेपर्यंत असंच चाललं. मुलगी झाली, मायलेकी दोघी सुखरूप.

निघताना आजोबा शेजाऱ्याला सांगत होते, "डाक्टर बरा हाय. आयशीला इचारल्याबिगर काय पन करत नाय."

पुढे त्या वस्तीतल्या बायका दवाखान्यात यायला लागल्या. दारात विचारायच्या, डाक्टरची आयस कुठं बसते?

* * *

माझ्या घरी डोंबिवलीला मला पाहायला यायचे होते. मुलाकडच्यांची अट, लग्नानंतर डॉक्टरकी बंद. वडील कबूल होऊन बसलेले. मी बाईंपुढे रडले. पाहायच्या दिवशी बाई आमच्याकडे हजर, माझ्या शेजारी, हातात पोह्यांची बशी.

मुलाच्या आईने विचारलं, मुलीला शिवणटिपण येतं का. मी तोंड उघडायच्या आत बाई म्हणाल्या, "हो तर. टाके इतके बारीक घालते की नंतर शोधावे लागतात."

वडिलांना ठसका लागला. पण मुलाच्या आईचा चेहरा एकदम बदलला. त्यांच्या मुलीचे दिवस भरत आले होते, पाय सुजले होते, आणि पुरुष डॉक्टरला ती हात लावू देत नव्हती. चहा होईपर्यंत त्या आणि बाई स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलत बसल्या.

ते स्थळ काही जमलं नाही. त्या मुलीचं बाळंतपण मात्र मीच केलं. वडील तेव्हापासून माझी ओळख करून देताना 'आमच्या डॉक्टर' म्हणायला लागले.

* * *

प्रोफेसरची जागा निघाली तेव्हाचं मात्र बाईंनीच सांगितलेलं. मुलाखतीत विचारलं गेलं, अपरात्री बोलावलं तर बाईमाणूस कशी येणार? बाई म्हणाल्या, "प्रत्येक बाळंतपणात एक बाई रात्रभर जागी असतेच. आणखी एक जागली तर बिघडलं कुठे?"

जागा दुसऱ्याला मिळाली. बाईंच्याच हाताखाली शिकलेला. दुसऱ्या दिवशी वॉर्डात देवधर रागाने लालबुंद. बाईंनी नेहमीसारखा राउंड घेतला. शेवटच्या खाटेपाशी थांबल्या, क्षणभर कठडा धरून. मग देवधरला म्हणाल्या, "रागावू नकोस. तो शिकवतो चांगलं. मीच शिकवलाय त्याला."

पुढच्या खेपेला जागा बाईंना मिळाली. त्या वेळी कोणी काही विचारलं नाही.

* * *

टर्मच्या शेवटची तोंडी परीक्षा ठाण्यातच व्हायची. त्या वर्षी पुण्याहून एक करड्या स्वभावाचे परीक्षक आले होते. कल्याणचा एक मुलगा समोर बसला. प्रश्न होता पायाळू मूल, म्हणजे डोक्याऐवजी पाय आधी येतात तेव्हा काय करायचं. मुलाची वाचाच बसली. परीक्षक नापास लिहायला पेन उचलणार, तेवढ्यात बाई त्याला म्हणाल्या,

"तू स्वतः पायाळू आहेस. आई आलीय ना, बाहेर बसलीय? जा, तिला विचारून ये. आम्ही थांबतो."

आम्हाला खिडकीतून दिसत होतं. चिंचेखाली आई डबा बाजूला ठेवून दोन्ही हातांनी समजावत होती. मुलगा परत आला आणि धडाधडा सांगू लागला. पाय आले, ओढायचं नाही, थांबायचं. कंबर आली, टॉवेलात धरायचं. मग एकेक हात.

"आणि डोकं?" परीक्षकांनी विचारलं.

मुलगा अडखळला. बाईंकडे पाहून खाली बघत म्हणाला, "डोकं अडकलं. आई म्हणते, तेव्हा डॉक्टरीणबाई रडत होत्या."

बाई म्हणाल्या, "बरोबर आहे. पुढे सांग."