लांजेवार काकाजी आणि तलावाची वही

श्री. वामनराव लांजेवार यांना मी प्रथम पाहिले तेव्हा ते भर पावसात दुर्गजवळच्या मरोद्यात, नाला जिथे मोहल्ल्याच्या तलावाला मिळतो तिथे उभे राहून दोरीने एक पांढरी थाळी पाण्यात सोडत होते. मी कॉलेज दुसऱ्या वर्षातच सोडून नुसता भटकत होतो.

"काकाजी, थाळी पडली का?"

"पडली नाही बाबू, सोडली. ये, छत्री धर."

ती छत्री मी अजून धरून आहे.

काकाजी कारखान्याच्या प्रयोगशाळेतून मुदतीआधीच निवृत्ती घेतलेले. पाऊस लागला की अर्ध्या तासात तलावावर पोचायचे, थाळी दिसेनाशी होईस्तोवर दोरीच्या गाठी मोजायच्या आणि आकडा वहीत लिहायचा, हे काम त्यांनी आम्हा दहा-बारा जणांना पाळीपाळीने लावून दिले. जितक्या जास्त गाठी, तितके पाणी स्वच्छ. वरच्या गॅरेजांचे तेल, रस्त्याची काळी माती, सारे नाल्यातून थेट तलावात येत होते. तिथेच बाया कपडे धुवत, पोरे पोहत. नाल्याच्या तोंडाशी गाळ अडवणारे टाके व्हावे, एवढीच आमची मागणी. "आपल्यापाशी ओळख नाही, वशिला नाही. हे वही खरी, तर आपण खरे," असे ते सांगत.

कॉलेज का सोडलेस, हे मला न विचारणारे मोठे माणूस ते एकटेच. काकूंनी एकदा विषय काढला, तर म्हणाले, "त्याले आधी पोहे दे वो."

आता लिहितो ती गोष्ट त्यांची परवानगी घेऊनच. दुसऱ्या पावसाळ्यात एक मुलगी कायमची नागपूरला निघाली होती. नाव लिहीत नाही, आता तिचे लग्न झाले आहे. मी दुर्ग स्टेशनला धावलो. नेमका त्याच दुपारी पाऊस कोसळला आणि पाळी माझी होती. संध्याकाळी मी वहीत आदल्या दिवसाचाच आकडा उतरवला: सहा गाठी.

काकाजींनी वही पाहिली. "एवढा पाऊस झाला, अन् पाणी कालच्यासारखंच?"

"म्हणजे मी खोटं बोलून राहिलो का?" मी तडकलो आणि दार आपटून निघालो.

दोन दिवसांनी, टाके द्यायचे की नाही हे ठरवणारे नगर विभागाचे साहेब वही तपासायला येणार होते. तो एक आकडा खोटा ठरला असता तर दोन पावसाळ्यांची मेहनत रद्दीत गेली असती आणि टाकेही. साहेब यायच्या दिवशी सकाळीच मी काकाजींचे दार गाठले आणि सगळे सांगून टाकले.

त्यांनी चष्मा पुसला. "भेट झाली का पण?"

"नाही. गाडी सुटली होती."

"म्हणजे दोन्हीकडे गैरहजर बे तू!" ते इतके हसले की मलाही हसू फुटले.

मग त्यांनी आकड्यावर रेघ मारली आणि शेजारी लिहिले: "माणूस आला नाही. नोंद नाही." खाली माझी सही घेतली, त्याखाली स्वतःची केली.

"तुमची कशाले, काकाजी?"

"पाळी लावणारा मीच होतो ना."

साहेब नेमके त्या ओळीवर थांबले. "ये क्या है, लांजेवारजी?"

"उस दिन हमारा आदमी नहीं आया, साहब. पहले गलत लिखा था, आज सुबह सुधारा."

साहेबांनी सारी पाने पुन्हा उलटली, या वेळी सावकाश. "बाकी दिन आया था?"

"हर बारिश में."

साहेबांनी वहीवर सही केली. ते गेल्यावर काकाजी ओट्यावर बसले आणि वही मांडीवर घेऊन त्यांनी ती सही दोनदा वाचली. पुढच्या पावसाळ्याआधी टाके बांधून झाले. परवा मुसळधार पावसातही थाळी आठव्या गाठीपर्यंत दिसली, तेव्हा आम्ही सगळे काठावर वेड्यासारखे ओरडलो.

काकाजी साठ वर्षांचे होत आहेत. त्यांची नजर अशीच तीक्ष्ण राहो, गुडघे काठाची चढण सोसोत, आणि त्यांना भरपूर, निरोगी आयुष्य लाभो. यात आमचाही स्वार्थ आहे. चूक करून आलेल्या माणसाला मान वर करून जाता येईल, असे दार आमच्या मोहल्ल्यात तेवढेच आहे.