सुनंदाची चढाई कुणी पाहिली?

स्नेहलचा फोन आला तेव्हा मी नाहूरला आमच्या इमारतीखाली भाजीवाल्याशी शेवग्याच्या शेंगांवरून वाद घालत होते. स्नेहल म्हणजे सुनंदाची सून. एरवी फोनवर ती आधी "मावशी, जेवलात का?" असं विचारते. त्या दिवशी तिने काहीच विचारलं नाही. "मम्मी गेल्या," एवढंच म्हणाली... सकाळी मासळीबाजारातून आल्या, हातपाय धुतले, खुर्चीत बसल्या, चहा टाक म्हणाल्या. चहा उकळेपर्यंत सगळं संपलं होतं. मी शेंगा तिथेच टाकल्या आणि रिक्षा करून माहुलला निघाले. रिक्षात बसल्यावर माझ्या मनात पहिली गोष्ट कुठली आली, ते सांगायला आज लाज वाटते. मला वाटलं, आता सुनंदा आमच्यावरची ती फिल्म बघणार नाही.

त्याला दोन महिने होत आले. फिल्म आली, लोकांनी पाहिली, आणि त्यातून एक असा गोंधळ झाला की सुनंदा असती तर तिने मला तासन्‌तास प्रश्न विचारून हैराण केलं असतं. प्रश्न विचारायची तिला फार हौस. रिफायनरीच्या चिमणीवरची ज्योत पावसात विझत कशी नाही, डॉक्टर छातीला नळी लावून नेमकं काय ऐकतो, विमानाला मागे जाता येतं का... बाजारात पापलेट निवडता निवडता ती गिऱ्हाइकालाच विचारायची, "तुमी हापिसात नक्की करता काय वो दिवसभर?"

आम्ही दोघी नऊ वर्षं एका संघातून कबड्डी खेळलो. ती माहुलच्या कोळीवाड्यातली, मी घाटकोपरच्या चाळीतली, वडील गिरणीत, गाव कणकवलीकडे. मी कोपरारक्षक होते, म्हणजे समोरची मुलगी चढाईला आली की तिचा पाय धरून ठेवायचं माझं काम. सुनंदा चढाईला जायची. उंची बेताचीच, पण मध्यरेषा ओलांडली की ती जमिनीला इतकी चिकटून सरकायची, की समोरच्या सातजणींना तिचे डोळे तेवढे दिसायचे. तेव्हा आमचे सामने मातीच्या मैदानावर व्हायचे, भोवती दोऱ्या बांधून. माणसं कौलांवर चढून बघायची, पण कॅमेरा कुणाकडे नव्हता. पेपरात एकदा फोटो आला, तोही बक्षीस घेतानाचा. पुढे पाहुणे, मागे आम्ही, आणि कडेला सुनंदाचा अर्धा चेहरा. परवापरवापर्यंत ती मला मधूनच विचारायची, "मंगल, मी खेलताना कशी दिसायची गं?"

"भूत लागल्यासारखी," मी म्हणायचे.

ती हसायची. पण प्रश्न तिने सोडला नाही. खरंच आहे ना, आज गल्लीतली पोरं क्रिकेट खेळतात तरी त्यांचा व्हिडिओ असतो. आम्ही राज्यभर खेळलो आणि स्वतःला एकदाही खेळताना पाहिलं नाही.

तीन वर्षांपूर्वी इशिता तिच्याकडे आली. तिशीची मुलगी, दिग्दर्शक. एका मोठ्या ॲपने कबड्डीच्या नव्या लीगचे हक्क विकत घेतले होते आणि लीग सुरू व्हायच्या आधी जुन्या बायकांच्या खेळावर सहा भागांची मालिका त्यांना हवी होती. सुनंदाने मला बोलावून घेतलं. घरात दिवे लावले, पंखा बंद केला, शेजारच्यांना कपडे धुणं थांबवायला सांगितलं, आणि इशिताने विचारलं, "मावशी, लग्नानंतर सासरच्यांनी खेळ बंद केला ना तुमचा?"

"नाय गो. सासू तर सामन्याला यायची. पयल्या रांगेत बसून पंचाला शिव्या घालायची."

"मग सोडलं कशामुळे?"

"सासूचं वय झालं, तिच्या जागेवर बाजारात बसाया लागले. बसले तर मना धंदा आवडला."

इशिताने कागद चाळला. "पण आतून काहीतरी तुटलं असेल ना?"

"तुटलं ना. गुडघ्यातलं लिगामेंट," सुनंदा म्हणाली. "पण ते आदीच."

कॅमेरामन हसला, मी हसले, इशिता मात्र हसली नाही. आज मला तिचं कळतं. तिच्या डोक्यात एक गोष्ट तयार होती. हुशार मुलगी, खेळाचं वेड, दुष्ट घर, मोडलेलं स्वप्न. आणि समोर बसलेली बाई म्हणत होती की मी सुखी होते.

दोन-तीन महिन्यांनी इशिताने आम्हाला अंधेरीला बोलावलं, फिल्म जोडतात त्या खोलीत. सुनंदा नवी साडी नेसून, अबोलीचा गजरा माळून आली. खोलीत थंडी इतकी की तिने पदर डोक्यावरून घेतला, आणि मग जोडणाऱ्या मुलाला धारेवर धरलं. हे दोन तुकडे चिकटवतात कसे? मी एक वाक्य बोलले, त्याच्यात माझा चेहरा तीनदा बदलला, तो कसा? गाणं आधी की चित्र आधी? तोही बिचारा खुशीत एकेक दाखवत होता. मग त्यांनी तिचा भाग लावला. पडद्यावर सुनंदा म्हणाली, "सासूचं वय झालं..." आणि तिथेच आवाज थांबला. पुढे ती खाडीच्या काठावर उभी, नजर लांब, मागे सारंगी. बघणाऱ्याला वाटावं की या बाईचं सगळं गेलं.

सुनंदाने नीट पाहिलं. पुन्हा लावायला सांगितलं. मग म्हणाली, "हे कवाचं हाय, ठाव हाय मना. पोराची होडी आली का, बघत होते."

जोडणाऱ्या मुलाने चित्र थांबवलं.

"काढ ते," ती इशिताला म्हणाली. चिडून नाही, बाजारात शिळा मासा बाजूला काढायला सांगावं तशी. "सासू नाय आता. तिला येऊन सांगता नाय येनार."

इशिता म्हणाली की तिच्या हातात सगळं नाही, वरची माणसं बघतात, त्यांना गोष्टीत संघर्ष लागतो. हे काढलं तर तुमचा भाग फार लहान होईल. सुनंदा म्हणाली, होऊ दे. आणि मग तिने तो प्रश्न विचारला, जो मी आजही घोळवते आहे. "सामने तुमचे, ते दाखवनारे तुमी, आनि आमच्यावरची फिलिम पन तुमचीच. मग पोरी, यात काय चुकलं तर सांगनार कोन?" ते दृश्य मात्र इशिताने काढलं, एवढं मी तिच्या बाजूने सांगेन.

मोकळी झालेली जागा भरायला इशिताला सुनंदाची अंतिम सामन्यातली शेवटची चढाई हवी होती. चित्रण तर कुठेच नव्हतं. मग ठरलं की ती नव्याने करायची. मुलुंडच्या एका मैदानावर माती पसरली, दोऱ्या बांधल्या, आमच्या वेळच्यासारखे कपडे शिवले, आणि सुनंदाच्या जागी प्रणाली नावाची कॉलेजात खेळणारी मुलगी उभी केली. सुनंदा प्लास्टिकच्या खुर्चीत बसून दिवसभर तिला शिकवत होती. "कंबर खाली. अजून खाली. दम मोठ्यानं कशाला घालतेस, पुटपुट. त्यांना तुझं आयकाया वाकाया लागलं पायजे." प्रणाली मॅटवर वाढलेली मुलगी, मातीत पाय घसरायचे, गुडघे सोलले. तरी दुपारपर्यंत तिला ते सापडलं. ती वाकली, सरकली, वळता वळता मागे पाय झटकला आणि परत आली. सुनंदा खुर्चीतून उठून छोट्या पडद्याजवळ गेली. तो तुकडा तिने चार वेळा पाहिला. मग माझ्याकडे वळली. "अशी होते व्हय गं मी?" मी मान हलवली.

निघताना तिने इशिताला बजावलं, "ही पोर हाय, मी नाय. तसं लिव खाली." इशिताने शब्द दिला.

पुढे सगळं थंडावलं. ते ॲप दुसऱ्या ॲपमध्ये विलीन झालं, लीगचे हक्क कुणाकडे राहणार ते ठरेना, आणि आमची फिल्म कुठल्याशा कपाटात पडून राहिली. इशिताला नवा साहेब, मग त्याच्याही जागी नवा. सहा भागांचे तीन झाले, तिनाचा एक झाला. सुनंदा दर रविवारी फोन करायची. "आली का गं?" नाही म्हटलं की, "कोन बघत असंल आता ती?" हे मात्र खऱ्या कुतूहलाने. त्या बंद कपाटात आपण कसे दिसत असू, याची तिला गंमत वाटायची.

ती गेल्यावर तीन आठवड्यांनी फिल्म आली. सुनंदाचा भाग चार मिनिटांचा आहे. पण चारही मिनिटं खरी आहेत. सासू आहे, पंचाला घातलेल्या शिव्यांसकट. होडी आली का बघणारी सुनंदा नाही. चढाई आहे, आणि खाली स्वच्छ अक्षरांत लिहिलंय की हे दृश्य नव्याने चित्रित केलं आहे. मी स्नेहलच्या शेजारी बसून पाहिली आणि मनातल्या मनात इशिताला शंभर मार्क दिले.

गोंधळ झाला तो दुसऱ्याच आठवड्यात. बोरिवलीच्या माझ्या भाचीने फोनवर एक तुकडा पाठवला. "मावशी, ही तुझी मैत्रीण ना? कसली झकास खेळायची यार!" तीच चढाई, पण उभ्या फोनसाठी कापलेली. कापताना खालची ओळ गेली होती. वर लिहिलं होतं, माहुलच्या सुनंदाचं दुर्मिळ चित्रण. कुणीतरी त्यावर धूळ आणि रेघाही आणल्या होत्या, जुनं वाटावं म्हणून. खाली लोकांनी हात जोडले होते. काहींना रडू आलं होतं. मी इशिताला फोन केला. ती बिचारी माझ्यापेक्षा वैतागलेली. फोनसाठीचे तुकडे दुसरीच मंडळी करतात, म्हणाली. तिने भांडून एक बदलून घेतला, तोवर तो लोकांनी आपापल्या नावावर पसरवला होता. रात्र गेली की नवीन दहा.

मी एका बोटाने टाइप करत एका तुकड्याखाली लिहिलं, "ही सुनंदा नाही. ही प्रणाली, चांगली खेळाडू आहे. सुनंदाबरोबर मी नऊ वर्षं खेळले आहे." मला वाटलं होतं, लोक वाद घालतील. एका मुलाने लिहिलं, "काकू, काय फरक पडतो?" पण त्याच्याखाली एका मुलीने विचारलं, "मग त्या कशा खेळायच्या? सांगा ना." तिच्या प्रश्नावर मी दोन दिवस अडकून बसले. काय फरक पडतो, हा प्रश्नही सोपा नव्हता. सुनंदा स्वतःच त्या पोरीत स्वतःला बघून आली होती... मग मी कोण नाही म्हणणारी? पण वीस वर्षांनी आम्ही कुणी नसू, आणि हा तुकडा असेल.

गेल्या रविवारी म्हणून आम्ही जुन्या संघातल्या उरलेल्या तिघी माहुलला तिच्या घरी जमलो. शैला मानखुर्दहून आली, विजया मुलुंडहून. स्नेहलने चहा केला, सुनंदाच्या खुर्चीत कुणी बसलं नाही. मी म्हटलं, अंतिम सामन्यातली ती शेवटची चढाई नीट लिहून काढू. तिने पाय कुणाला लावला? शैला म्हणाली, डाव्या कोपऱ्याला. विजया म्हणाली, वेडी आहेस काय, उजव्या. मी म्हटलं, फिल्ममध्ये उजवा आहे, पण तो, कॅमेरा त्या बाजूला होता म्हणून, हे मी चित्रणाच्या दिवशी तिथे उभी राहून पाहिलंय. मला स्वतःला पक्कं आठवतंय की तिने मधलीला उडवलं. आवाज चढले. शैला म्हणाली, तू तेव्हा बाद होऊन बाहेर बसली होतीस, तुला काय दिसणार? मी म्हटलं, बाहेरूनच तर नीट दिसतं. शेवटी विजयाने साडी खोचली, लादीवर पायाने रेघ मारली, "मंगल, तू डावीकडे उभी राहा," म्हणाली, आणि पासष्टाव्या वर्षी, पुटपुटत, कंबर खाली घालून आमच्यावर चालून आली. वळली, पाय झटकला, आणि टीपॉयवरचा चहा कपासकट भिंतीवर.

स्नेहल दारात उभी राहून सगळं फोनवर घेत होती. हसता हसताच तिने विचारलं, "मावशी, टाकू का हे?"

"थांब गं," शैला कमरेवर हात ठेवून म्हणाली. "आधी कोपरा ठरू दे."