पवनारच्या वांग्यांमधला ब्राझीलचा गायक

लिहायला बसलो आहे, त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. अर्जापलीकडे आमच्याकडे कोणी काही लिहिलेलं नाही, आणि गाण्यातलं तर मला काहीच कळत नाही. तरी एक गोष्ट छातीठोकपणे सांगतो: ब्राझीलच्या त्या गायकाला आमच्या शेताच्या धुऱ्यापलीकडच्या काकांइतकं जवळून ओळखणारा माणूस खुद्द ब्राझीलमध्येही नसेल. काकांनी वर्ध्यापुढे फक्त नागपूर पाहिलं आहे, तेही मोतीबिंदूच्या निमित्तानं.

पवनारच्या आश्रमात मुक्कामी आलेल्या एका परदेशी पाहुणीनं, रोज ताजी भाजी दिल्याबद्दल, फार पूर्वी त्यांना एक कॅसेट दिली होती. कव्हरवर कुरळ्या केसांचा, मांडीवर गिटार घेतलेला तरुण. गाणी पोर्तुगीज. काकांना त्यातला एकही शब्द कळत नाही, म्हणूनच त्यांना सगळ्या गाण्यांचा अर्थ माहीत आहे. एक गाणं माहेरी जाऊन बसलेल्या बायकोचं, एक बैल विकल्याचं, आणि एक, हे ते फार ठामपणे सांगतात, वांग्यावर पडलेल्या अळीचं. "त्याबिगर इतकं हळू कोन रडते?"

त्याची गायकी ते मला सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधता बांधता समजावायचे. तो ओरडत नाही. बाजेवर शेजारी बसून बोलावं तसा गातो. गिटार पुढे निघून जाते, आवाज अर्धं पाऊल मागून येतो आणि तरी नेमका वेळेवर पोचतो. काकांनी हे भजनात करून पाहिलं. टाळकरी भडकले. "अबे गड्या, आमी कुठी अन् तू कुठी?" काका शांतपणे म्हणाले, "तुमी व्हा ना समोर. मी येऊन राह्यलो." तेव्हापासून भजनात त्यांना चहा मिळतो, टाळ मिळत नाहीत.

काकू गेल्यापासून ते शेतातल्या खोलीत एकटेच राहतात. मुलगी लग्न होऊन दूर गेली, आठवड्यातून एकदा तिचा फोन येतो. कॅसेटची फीत तुटली तेव्हा ते दोन दिवस जेवले नाहीत. "खोलीत मानसाचा आवाज पाह्यजे न बापा," एवढंच म्हणाले. मग मी ती गाणी शोधून त्यांच्या मोबाइलमध्ये भरून दिली, आणि अडखळत का होईना इंग्रजी वाचता येतं म्हणून त्याची कारकीर्दही वाचून दाखवू लागलो. लहान गावातून आला, गुत्त्यांमध्ये गायला, रेडिओवर गाजला, मग सरकारला त्याची गाणी झोंबली आणि त्याला देश सोडावा लागला.

"मंग त्याचं वावर कोन पाह्यलं?" काकांनी काळजीनं विचारलं. त्याला शेतच नव्हतं, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. पुढे तो परतला, पुष्कळ गाणी केली, म्हातारपणी खुर्चीवर बसून एकट्या गिटारीवर गाऊ लागला. "गुडघे," काका म्हणाले.

मी सकाळी बससाठी निघालो की धुऱ्यावरून हाक यायची, "काय म्हन्ते आपला भाऊ?"

दिवाळीच्या आधी मी मोबाइलवर वाचलं की तो गायक वारला. सांगायचं धाडस झालं नाही. "बरा हाये काका," म्हणालो. दुसऱ्या दिवशी म्हणालो, नवीन गाणं करून राह्यला. "कशावर?" मला दुसरं काही सुचेना, समोर कापूस उभा होता, म्हणालो, "पऱ्हाटीवर." काका इतके खूश झाले की पिशवीभर वांगी दिली. ती घरी नेताना मला चोरासारखं वाटत होतं. पण मी गप्पच राहिलो, होळी येईपर्यंत.

मग एका सकाळी त्यांनी मला थांबवलं. "त्याले एक चिठ्ठी लिहून दे. म्हनाव, म्हातारपनी एकटा असशीन तं इकडं येजो. खोली हाये."

मी वही काढली. पेन धरलं. पहिली ओळच लिहिता येईना.

"काका, तो गेला."

"कुठी?"

"वारला."

"कवा?"

"दिवाळीच्या आधी."

रागावले नाहीत. मोबाइल सुकी जागा पाहून ठेवला, मोटर सुरू केली, आणि लांबच्या नातेवाइकाच्या मरणाची उशिरा खबर आली की आमच्याकडे करतात तशी, अंगावरच्या कपड्यांनिशी पाइपाखाली बसून आंघोळ केली. मग निथळत बाजूला सरकले आणि पाण्याखाली माझ्यापुरती जागा केली.

"ये," ते म्हणाले. "तुयी बी राह्यली हाये. तुले तं आधीच समजलं होतं."