नदीवरची चादर

माझी मुलं मला भित्रा समजतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. पंख्यावरची धूळ पुसायला स्टुलावर चढायचं तर मी आधी कुणाला तरी स्टूल धरायला लावतो. असा हा माणूस एकदा गोठलेल्या नदीवरून पाच दिवस चालला होता, हे सांगितलं की पोरं बायकोकडे बघतात. ती म्हणते, "गेले होते खरं. पण कसे गेले ते विचारा की."

तर कसे गेलो ते सांगतो.

बहात्तरच्या दुष्काळाने सोलापुरातल्या आमच्या घरचे दोन्ही माग थंडावले, तेव्हा मी लडाखात रस्ता बांधणाऱ्या एका छावणीवर हजेरी-कारकून म्हणून लागलो. पुढे माग सुरू झाले, पण मी तिकडेच राहिलो. निघताना अप्पांनी स्वतःच्या हाताने विणलेली एक चादर दिली होती. अप्पा म्हणजे माझे वडील. "थंडी असती तितं. सोडू नको हिला," एवढंच बोलले होते.

दुसऱ्या हिवाळ्यात बिनतारी यंत्रावर निरोप आला. अप्पांना अर्धांगवायूचा झटका, वाचा गेली, ताबडतोब निघा. निरोप हातोहात फिरत आला होता. माझ्यापर्यंत पोचला तेव्हा आठ दिवसांचा शिळा होता.

खिंडी बर्फाने बंद. बाहेर पडायला एकच वाट, गोठलेली नदी. छावणीतला एक वयस्क हमाल मला न्यायला तयार झाला. त्याला सगळे तिकडच्या रीतीने आचो, म्हणजे थोरला भाऊ म्हणायचे. निघताना त्याने माझ्यासमोर लोकरीचा एक जाडजूड झगा धरला.

"बाबूजी, सूती मत पहनो. ऊन पहनो."

आता मी पडलो विणकराचा पोरगा. झग्याचं सूत दोन बोटांत चोळलं, वीण उजेडात धरून बघितली आणि निकाल दिला, की माल भरड आहे आणि बोकडासारखा वास मारतोय. अंगात दोन बनियन, दोन सदरे, वरून अप्पांची चादर, सगळं अस्सल सुती. कापडातलं मला शिकवतोस काय, असा माझा तोरा.  तो झगा आचोने स्वतःच्या पाठीवरच्या ओझ्यात बांधला.

पहिल्या दिवशी चालून घाम आला, आणि थांबल्यावर तो घाम बनियनमध्येच गोठला. काचेचा सदरा घातल्यासारखं अंग वाजायला लागलं. तरी मी झगा मागितला नाही. जेवायला बसलो तर आचोच्या पोळ्यांचा दगड झाला होता. माझ्याजवळ आईने पार्सलने पाठवलेली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी होती. ती भाकरी मुळातच दगड, तिला थंडी काय करणार! त्या प्रवासात मी ताठ मानेने केलेली गोष्ट तेवढी एकच.

आचो पुढे काठी आपटत चालायचा आणि आवाज ऐकायचा. मला ते कळायचं. मागाचा आवाज जरा बदलला की अप्पा आतल्या खोलीतून ओरडायचे, "तार तुटली बघ!" पण कळणं वेगळं आणि पाय तिथे न ठेवणं वेगळं. दुसऱ्या दिवशी दुपारी आचोची काठी बद्द वाजली, तो वळसा घालून गेला आणि मी सरळ गेलो. कमरेपर्यंत आत. खालचं पाणी पाय धरून ओढत होतं.

त्याने मला काठीने बाहेर काढलं. चादर आणि सदरे बघता बघता पत्र्यासारखे ताठ झाले. आचोने सगळं ओरबाडून काढलं, तोच झगा माझ्या अंगात घातला आणि माझे तळवे स्वतःच्या पोटाला लावून बसला. मी लहान मुलासारखा रडलो. बोकडाच्या वासाइतका गोड वास मी आयुष्यात घेतलेला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी वाटच संपली. दोन्ही बाजूंना उभे कडे आणि मधला बर्फ फुटून वाहून गेलेला. त्यावर नुकती नवी साय धरली होती, पंचवीसेक हात लांब. खालून काळं पाणी पळताना दिसत होतं.

"दो दिन रुकेंगे. तीन दिन," आचो म्हणाला. "मोटा होगा."

मी मनात दिवस जोडले. निरोप शिळा आठ दिवस, वाटेत तीन, पुढे ट्रक, लष्कराचं विमान, आगगाडी. अजून तीन दिवस थांबायचं म्हणजे मसणवट्यात जाऊन पाया पडायचं. मी मटकन खाली बसलो. रागावलो, हातापाया पडलो, एकटा जातो म्हणालो. तो शांतपणे म्हणाला, "जाओ." मी उठलो नाही. तेवढी हिंमत असती तर रडलो कशाला असतो?

बऱ्याच वेळाने तो उठला आणि माझी ताठ झालेली चादर काठीने वाजवून बघितली. मग चूल पेटवून ती मऊ केली, तिची चौपदरी घडी घातली आणि दोन्ही टोकांना किनारीत चाकू खुपसला. अप्पांची किनार! माझ्या तोंडून "अरे!" निघून गेलं. त्याने भोकांतून दोर ओवले, चादर पाण्यात बुडवली आणि उघड्या बर्फावर पसरून ठेवली. दुसऱ्या सकाळी तिची फळी झाली होती.

तो त्या फळीवर पालथा पडला आणि हातांनी बर्फ रेटत, फळी सरकवत पलीकडे गेला. मी मागच्या दोराने ती परत ओढली. मग मी पालथा पडलो. तो ओढत होता. मध्यावर माझ्या छातीखाली बर्फ करकरला आणि एक बारीक रेघ दोन्ही कड्यांकडे धावत गेली. देव आठवला नाही. तोंड त्या चादरीवर दाबून मी नुसतं "अप्पा, अप्पा" करत राहिलो.

पाचव्या दिवशी आचोने मला सडकेला लावलं. तिथून तिसऱ्या दिवशी सोलापूर स्टेशनवर उतरलो तेव्हा ऊन तापलं होतं आणि टांगेवाला माझ्या काळ्या पडलेल्या नाकाकडे बघत होता. गल्लीच्या तोंडाशी मी कान दिला. आमचे माग बंद होते. घरात कुणी गेलं की माग थांबवतात; मी पळतच सुटलो.

आई दारात आली. "हायेत," म्हणाली. "पण कुणाला वळखत न्हाईत बघ."

अप्पा खाटेवर होते, तोंड वाकडं झालेलं. मी शेजारी बसलो, हाका मारल्या. नजर माझ्यावरून भिंतीवरून जावी तशी निघून गेली. मग ती माझ्या मांडीवरच्या चादरीवर थांबली. डावा हात हळूहळू आला, किनार चाचपत भोकापाशी गेला, आणि एक बोट त्या भोकात शिरलं.

"कुनी... फाडली?"

सोळा दिवसांत पहिला शब्द. आई तोंडात पदर कोंबून रडायला लागली.

"मी, अप्पा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. या वेळी मलाच बघितलं.

"अक्कल न्हाई... तुला."

"न्हाई, अप्पा."

त्यानंतर ते अकरा दिवस होते. बोलले फारसे नाहीत. बोट मात्र त्या भोकात असायचं. शेवटच्या सकाळी आई त्यांच्या देहावर पांघरायला नवी चादर घेऊन आली, तेव्हा ते बोट सोडवून घ्यायला माझा हात काही पुढे झाला नाही. आईनेच सोडवलं.