साड्यांच्या काठांची नदी

नांदेडला विष्णुपुरीच्या वाटेवर टाकाऊ वस्तूंपासून कलाकृती करण्याचं एक केंद्र आहे. सोळाव्या वर्षी मी तिथल्या महिनाभराच्या निवासी शिबिरात होते. लोकांनी दिलेलं सामान निवडायला नायगावहून रोज एक बाई यायची. प्रत्येक चिंधी पदराला पुसून, मांडीवर सरळ करूनच ती ढिगात ठेवायची.

एकदा तिनं जुन्या साड्यांचे काठ फरशीवर वळणावळणानं मांडले. "आमच्या गावची नदी अशीच वळती," ती म्हणाली आणि गाडीची वेळ झाली म्हणून गेली. प्रदर्शन तोंडावर आलं होतं, मला काही सुचत नव्हतं. मी ते काठ तसेच्या तसे फळीवर चिकटवले.

प्रदर्शनात एका पाहुण्यांनी विचारलं, "हे कसं सुचलं?"

"आजोळच्या नदीवरून," मी सांगितलं. माझ्या आजोळी नदीच नाही.

ती मागंच उभी होती. पाहुणे पुढं सरकल्यावर ती जवळ आली आणि सुटलेलं एक टोक अंगठ्यानं दाबत म्हणाली, "हितं डिंक कमी पडलाय, बाई. नीट चिकटव, न्हाई तर निघून यील."

तिच्या आवाजात राग नव्हता. मी डिंक आणते म्हणून आत गेले, आणि ती घरी जाईपर्यंत बाहेर आलेच नाही.