हात लावण्याआधी विचारायचं

गाव सोडलं त्या दिवशी टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसायला मिळालं म्हणून दादा खूश होता. वाटेत दिसेल त्याला हात करत होता. कोणीच उलट हात केला नाही. मागे गाद्यांना टेकून आई पदरात तोंड लपवून बसली होती.

पापडीकडच्या आपल्या माणसांनो, कारण तुम्हाला ठाऊकच आहे. दादा बत्तीस वर्षांचा, समज लहान मुलाची. शेजारच्या वहिनीला त्याने वाडीत मागून धरलं, नको तिथे हात लावला, ती ओरडली तरी सोडलं नाही. तिने तक्रार केली ते योग्यच केलं. आम्ही त्याला देवाचं लेकरू म्हणायचो. देवाच्या लेकरालाही वासना असते, हे घरात कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं, मग शिकवणार कोण?

जामीन मिळाला, पण गावात पाऊल ठेवायचं नाही. म्हणून तुळिंजचा हा फ्लॅट. कोर्टाने तपासणीसाठी एका मानसतज्ज्ञ मॅडमकडे पाठवलं. पहिल्या दिवशी मॅडमच्या सगळ्याच प्रश्नांना दादाने मान डोलावली. वहिनीला आवडलं? हो. तिला त्रास झाला? हो. पोलिसांपुढेही त्याने न केलेलंसुद्धा असंच कबूल केलं होतं. आईची शिकवणच ती: "मोठी मानसं बोलली का हो बोलायचं, उलट नाय बोलायचं."

मॅडमनी चेहऱ्यांची चित्रं दाखवली. घाबरलेली बाई त्याला हसरी वाटली. मग कित्येक महिने एकच पाठ चालला: हातभर लांब उभं राहायचं, "हात लावू का?" विचारायचं, समोरचा हो म्हणेपर्यंत थांबायचं. दादा शिकला. मला वाटलं, गंगेत घोडं न्हालं.

गेल्या महिन्यात ऑफिसमधून आले, तर आई मोरीत पडलेली. तोंड वाकडं झालेलं, शब्द फुटत नव्हता. दादा हातभर लांब, घामाघूम. "आये, हात लावू का?" दुपारपासून विचारतोय, असं त्यानेच सांगितलं. तेव्हा न विचारता धरायचं होतंस, हे त्याला कोणत्या तोंडाने सांगू?

परत कधी येणार, असं फोनवर विचारता. वहिनीला तिच्या वाडीत निर्धास्त फिरू दे. मॅडम म्हणतात, आजाऱ्याला मदत कशी करायची तेही शिकवू, पण वेळ लागेल. आईची वाचा काही परत आली नाही, खुणेनेही हो-नाही सांगता येत नाही. घर म्हणजे आता तिची खाट आणि हातभर लांब उभा दादा. रोज संध्याकाळी तो तिच्या कपाळावर हात ठेवायची परवानगी मागतो, आणि तिच्या वतीने हो म्हणायला माझी जीभ रेटत नाही.