चोवीस गुंजा

'सोनार, शिंपी, कुलकर्णी आप्पा, यांची संगत नको रे बाप्पा' अशी एक म्हण आहे. ज्यानं ती जुळवली त्याला तिसगावचा गहिनीनाथ मैड भेटलेला नसणार. भेटला असता तर त्यानं सोनाराला वगळून त्या जागी मास्तराला बसवलं असतं. मी स्वतः मास्तर आहे, म्हणून हे खात्रीनं सांगतो. माझं नाव आमोस. तिसगावच्या शाळेत चौथीला शिकवायचो आणि गहिनीनाथाच्या दुकानासमोरच्या खोलीत भाड्यानं राहायचो.

गहिनीनाथ जातीनं सोनार, धंद्यानंही सोनार, फक्त त्याच्याकडे सोनं नव्हतं. ही किमया सरकारनं केली. त्रेसष्ट साली कायदा आला की चौदा कॅरेटच्या वरचा दागिना घडवायचा नाही. देशाचं सोनं तिसगावच्या बायकांच्या कानांत लपून बसलंय, असा दिल्लीचा समज झाला असावा. पुढे कायदा ढिला पडला, पण परवाने, वह्या आणि तपासण्या राहिल्या, आणि तोवर गिऱ्हाइकं नगरच्या सराफांकडे वळली होती. तिकडे आरसे होते, गादी होती, प्यायला थंड पाणी मिळायचं. इकडे एक शेगडी, एक फुंकणी, आणि बापाकडून आलेली एक शिसवी डबी.

त्या डबीत चोवीस गुंजा होत्या. ज्यांनी पाहिल्या नसतील त्यांच्यासाठी सांगतो. वेलीवर येणारं लालभडक बी, एका टोकाला काळा ठिपका. पूर्वी सोनार यांनीच सोनं तोलायचे. गहिनीनाथाच्या बापानं म्हणे डोंगरातून पायलीभर गुंजा वेचून आणल्या आणि त्यांतल्या एकमेकींशी तंतोतंत जुळणाऱ्या चोवीस तेवढ्या ठेवल्या. सरकारनं ग्रॅम आणून कैक वर्षं झाली होती, तरी दर दसऱ्याला गहिनीनाथाची बायको बनुबाई ती डबी तराजूशेजारी मांडायची, हळदकुंकू वाहायची आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "औंदा तरी सोनं यिऊ दे घरात." सोन्यावाचून तिचं अडलं नव्हतं. पण सोनाराची बायको म्हणून मिरवायचं आणि गळ्यात ॲल्युमिनियम घालायचं, हे तिला पटत नव्हतं.

कारण गहिनीनाथ सोनं नाही म्हणून हात बांधून बसला नाही. सायकलच्या आऱ्या वाकवून त्यानं नथी केल्या. फुटक्या कंदिलाच्या काचा घासून त्यांत खड्यासारख्या बसवल्या. नागापूरच्या कारखान्यांचं भंगार एसटीच्या टपावर टाकून आणलं आणि तांब्याच्या तारांच्या बुगड्या वळल्या. एका मोडक्या रेडिओची दोन बटणं माझ्या बायकोच्या, रेबेकाच्या कानांत गेली, आणि तिला ती इतकी शोभली की चर्चमधल्या चार बायका आपापल्या नवऱ्याच्या रेडिओकडे वेगळ्या नजरेनं पाहू लागल्या. मढीच्या यात्रेत त्याचं पाल गाढवांच्या बाजाराला लागून पडायचं. नगरचा एक सराफ ते बघून म्हणाला, "जागा अगदी योग्य मिळाली." गहिनीनाथ हात जोडून म्हणाला, "व्हय शेठ. शेजारी तुमच्यासाठी बी धरून ठिवली हाय." त्याच यात्रेत एका बाईनं त्या डबीतल्या गुंजांची माळ करून मागितली, तेव्हा मात्र हा विनोदी माणूस पाल गुंडाळून, यात्रा अर्धी सोडून घरी आला.

त्याला एकच खोड होती. खोटा दागिना खोटा दिसलेला त्याला खपत नसे. मंगळसूत्रातली वाटी पत्र्याची असली तरी तिला तो सोन्याच्या वाटीइतकाच वेळ द्यायचा. मी एकदा म्हणालो, "अहो, डबड्याचा पत्रा तो! एवढं काय घासत बसलाय?" तर म्हणाला, "मास्तर, धातू हलका आसंल. हात कशापायी हलका करू?" मला हे वाक्य फार आवडलं. मी ते वर्गात फळ्यावर लिहून पोरांकडून पाठ करून घेतलं. पुढे याच वाक्यानं एका बाईची भाकरी गेली.

बहात्तर साल उजाडलं आणि पावसानं तोंड फिरवलं. गावाजवळ पाझर तलावाचं काम निघालं. पोरं आईबापांबरोबर माती वाहायला गेली, वर्ग ओस पडला, तेव्हा सरकारनं विचार केला की मास्तर तरी कशाला मोकळा ठेवायचा. मला हजेरी लिहायला बसवलं. माझ्यावर एक कारकून होते. त्यांचं नाव सांगत नाही. त्यांची नातवंडं आता मोठ्या हुद्द्यांवर असतील, आणि आजोबांना विसरायचा त्यांना पूर्ण हक्क आहे.

या कारकूनसाहेबांनी स्वतःच्या डोक्यातून एक नियम काढला. ज्या बाईच्या अंगावर सोनं दिसेल, तिचं नाव हजेरीवर ठेवायचं नाही. सोनं आहे म्हणजे गरज नाही. मी हा नियम कुठल्याच कागदावर वाचला नव्हता. कागद दाखवा, असंही कधी म्हणालो नाही. मास्तराचं काम लिहिणं.

बायकांपुढे पेच पडला. सोनं काढून ठेवावं तर गळा मोकळा, आणि नवरा जिवंत असताना मोकळ्या गळ्यानं चारचौघांत जायचं कसं? मग सगळ्याजणी गहिनीनाथाकडे आल्या. तेलाच्या डब्यांच्या, दुधाच्या पावडरीच्या डब्यांच्या, झाकणांच्या वाट्या तो घडवू लागला आणि त्या मंगळसूत्रांत जाऊ लागल्या. दुष्काळात गावात एकट्या त्याचा धंदा तेजीत होता. बनुबाई कपाळाला हात लावून म्हणायची, "धंदा वाढला गं बाई, पर डबड्याचा!"

त्यातली दोन गिऱ्हाइकं वेगळी होती. पहिली भागूबाई. हिचा नवरा उसाच्या तोडणीला शुगर फॅक्टरीवर गेला तो महिनोन्महिने तिकडेच. घरात सासू आणि दोन लेकरं, धाकटं माझ्या वर्गात. सोन्याच्या वाट्या तिनं मागेच विकून खाल्ल्या होत्या. ती पितळेचा स्टोव्ह घेऊन आली. म्हणाली, "ह्याच्यात घालाया राकेल न्हाई. मोडा आन् वाट्या तरी करा." स्टोव्ह मोडताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. गहिनीनाथानं ते पाहिलं, आणि नको तितकं मन लावलं. आठ दिवस ठोकून, चिंचेच्या पाण्यात उजळून त्यानं अशा वाट्या केल्या की मलाच क्षणभर वाटलं, यानं कुठून तरी सोनं मिळवलं.

दुसरं गिऱ्हाईक आक्काबाई. काकासाहेबांची बायको. दोन विहिरी, चाळीस एकर, आणि गहिनीनाथ ज्या दुकानात बसायचा ते दुकानही काकासाहेबांचंच. हजेरीवर आक्काबाईचं नाव होतं. ती यायची, लिंबाखाली बसायची, अंगठा द्यायची आणि मजुरांना खायला मिळणारी सुकडी घेऊन जायची. सोनं घरी ठेवावं तर सुनेवर भरवसा नव्हता. तिनं गहिनीनाथाला सांगितलं, "ह्ये काळं करा." त्यानं त्या जाडजूड वाट्यांवर लाख आणि काजळी चढवली. चुलीवरचं झाकण बरं, इतक्या त्या भिकार दिसू लागल्या. मला सांगताना तो हसून हसून बेजार झाला. आम्ही दोघंही हसलो. हसायला काय लागतं?

मंगळवारी भागूबाई नव्या वाट्या घालून कामावर आली आणि कारकूनसाहेबांची नजर तिच्या गळ्यावर गेली.

"हिचं नाव खोडा."

"साहेब, ते पितळ आहे," मी म्हणालो. म्हणजे म्हणणार होतो. प्रत्यक्षात लाल पेन्सिल घेतली आणि नाव खोडलं.

"मास्तर, तुमाला ठावं हाय की वो," भागूबाई म्हणाली. "लेकरू तुमच्याच वर्गात हाय. सांगा की सायबाला." मी पेन्सिलीला टोक काढत बसलो. टोक चांगलं होतं.

बुधवारी सकाळी भागूबाईला पुढे घालून गहिनीनाथ कामावर आला. फडक्यात कसोटीचा दगड, तेजाबाची बाटली, आणि अवजारांबरोबर कायम असायची ती शिसवी डबी. त्यानं सगळ्यांदेखत भागूबाईची वाटी काळ्या दगडावर घासली. पिवळी रेघ उठली. तिच्यावर तेजाबाचा थेंब टाकला, रेघ फसफसली आणि पुसून गेली.

"सोनं असतं तर ऱ्हायलं असतं, सायेब. ह्ये पितळ हाय. मीच क्येलंय."

कारकूनसाहेब कसले ऐकतात! "तुझ्या दगडावर भरवसा काय? दुसऱ्या कुणाचं घासून दाखव." त्यांनी सभोवार पाहिलं आणि तोंड न बघता सगळ्यांत दरिद्री दिसणाऱ्या गळ्याकडे बोट केलं. "त्या बाईंचं घास. ते तर उघड उघड लोखंड दिसतंय."

ते आक्काबाईचं होतं.

गहिनीनाथ थांबला. आक्काबाईनं पदर ओढून घेतला. ज्याच्या दुकानात आपण बसतो त्याच्या बायकोचा गळा हा, हे त्याला कळत होतं, आणि ते त्याच्या तोंडावर मला स्पष्ट दिसत होतं. मग त्यानं बनुबाईचं काय होईल याचा विचार केला असेल, किंवा नसेल केला. त्यानं भागूबाईकडे पाहिलं आणि आक्काबाईच्या वाटीसाठी हात पुढे केला. ती घट्ट दाबून घासली. लाख सुटली, रेघ उठली. तेजाब टाकलं. रेघ जशीच्या तशी राहिली, पिवळीधमक.

शंभर माणसांनी ती रेघ पाहिली. कारकूनसाहेब रोज दुपारचा चहा काकासाहेबांच्या वाड्यावर घ्यायचे. त्यांनी घाम पुसला, विचार केला आणि निकाल दिला, "काळं ते सोनं आणि पिवळं ते पितळ? तुझा दगड उलटा बोलतो. बिघडलाय. ही परीक्षा रद्द."

म्हणजे भागूबाईही रद्दच राहिली. आक्काबाईची परीक्षा रद्द, म्हणून तिचं नाव कायम. भागूबाईची परीक्षा रद्द, म्हणून तिचं नाव खोडलेलं कायम. असा न्याय करायला डोकं लागतं.

गहिनीनाथ पुढे झाला. त्यानं भागूबाईच्या मंगळसूत्रातल्या दोन्ही वाट्या सोडवल्या, बाजूच्या धोंड्यावर ठेवल्या, खडी फोडणाऱ्या एका बाईच्या हातून हातोडा घेतला आणि हाणला. आठ दिवसांचं काम चार घावांत गेलं. पितळ तडकून तुकडे उडाले. शेवटच्या घावाला तो मोठ्यानं ओरडला, "सोनं आसं फुटतं व्हय? बगा! खोटं हाय! माझं समदंच खोटं हाय!"

मला त्या वेळी रडू आलं. मी हजेरीपटात तोंड घालून ते लपवलं.

कारकूनसाहेब "बरं बरं, लिहा तिचं नाव" म्हणत चहाला निघून गेले. मी निळ्या शाईनं नाव परत लिहिलं. मंगळवारची मजुरी गेली ती गेलीच. भागूबाई मात्र तिथंच उभी होती, काळे मणी मुठीत धरून. "आता आशी घरी कशी जाऊ? सासू इचारंल, माझ्या लेकाचं काय झालं." तिला हुंदका आवरेना.

गहिनीनाथानं डबी उघडली. दोन गुंजा काढल्या, बारीक सामत्यानं त्यांना भोकं पाडली आणि वाट्यांच्या जागी ओवल्या. मग उरलेल्या बावीस गुंजांकडे थोडा वेळ बघत बसला.

"चोवीसातल्या दोन काढल्या की माप मोडलं, बाकीची वजनं खोटी," तो म्हणाला. "खोटं लई क्येलं. वजनं खोटी न्हाई ठिवायची. समद्याच घे." आणि एकेक करत चोवीसही गुंजा त्यानं काळ्या मण्यांत ओवल्या. दुपार टळली. त्या दिवशी कुणी त्याला घाई केली नाही. लाल गुंजा आणि काळे मणी भागूबाईच्या गळ्यात इतके उठून दिसले की खडी फोडणाऱ्या बायका हात थांबवून बघत राहिल्या.

आठवड्याच्या आत काकासाहेबांनी दुकान रिकामं करून घेतलं. शेगडी घराच्या ओट्यावर आली. बनुबाईनं रिकामी डबी पाहिली आणि माळ्यावर टाकून दिली. दसऱ्याला तिनं तराजू मांडला, त्याच्याशेजारी डबी ठेवली नाही, आणि सोन्याचं नावही काढलं नाही. मीही अधूनमधून ओट्यावर जाऊन बसायचो. गहिनीनाथ मला चहा द्यायचा. लाल पेन्सिलीबद्दल तो मला कधीच बोलला नाही, आणि ते मला फार लागायचं.

पुढच्या साली पाऊस झाला. चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात काकासाहेबांच्या मुलीचं लग्न ठरलं. व्याह्यांना जुन्या घडणीची वज्रटीक हवी होती. नगरच्या पेढ्यांवर आरसे होते, पण तसा हात कुणाचा नव्हता. सगळे सांगायचे, तिसगावचा मैड करील. शेवटी एका सकाळी काकासाहेब स्वतः, रेशमी फडक्यात सोनं बांधून, गहिनीनाथाच्या ओट्यावर येऊन बसले. अकरा वर्षांनी त्या घरात घडवायला सोनं आलं होतं. मी तिथंच होतो. गहिनीनाथानं आपले हात मांडीखाली घातले.

"झालं गेलं सोडा," काकासाहेब म्हणाले. "दुकान बी परत देतो. आधी ह्ये तुमच्या हातानं तोला, म्हंजी माझं मन निवांत."

आतून बनुबाई बाहेर आली. जिनं इतके दसरे सोन्यासाठी हळदकुंकू वाहिलं ती बनुबाई. तिनं ते फडकं उचललं, पुन्हा नीट गाठ मारली आणि काकासाहेबांच्या हातात दिलं.

"आमची वजनं भागूबाईच्या गळ्यात हायेत, काकासाहेब," ती म्हणाली. "तिच्या दारात जाऊन तोलून आना. मंग ह्ये घडवत्यात."